वाचक विचारतात : सगळे आमदार-खासदार एकदाच निवडून मोकळं का होत नाही?

जानेवारीत महापालिकेचं मतदान झालं आणि तेव्हापासून आमच्याकडे येणारे प्रश्न एकदम बदललेच. एरवी सातबारा, वारस नोंद, सोसायटीचं ट्रान्सफर फी वगैरे असतं, पण यावेळी निम्म्याहून जास्त जण निवडणुकांच्या तारखांवर वैतागलेले दिसतायत. म्हणून हा अंक त्यालाच. नावं नेहमीप्रमाणे देत नाही, फक्त भाग देतोय.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे आणि अर्थातच पदवीधर. जानेवारी २०२३ ला पदवीधरसाठी मत दिलं, मे २०२४ ला लोकसभा, पुढच्याच महिन्यात शिक्षक मतदारसंघ, नोव्हेंबरला विधानसभा, आणि आता जानेवारी २०२६ ला महापालिका. तीन वर्षांत पाच वेळा, त्यातल्या काहींना वर ड्युटी पण! लोकसभा-विधानसभा वेगळी हे ठीक, पण पदवीधर आमदार आणि शिक्षक आमदार तर एकाच विधान परिषदेत बसतात ना, मग त्यांना तरी एका दिवशी निवडायला काय हरकत आहे? (गंगापूर रोड)

उत्तर : मॅडम, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि ड्युटीबद्दल पूर्ण सहानुभूती. पण यात दोन वेगळ्या जातीची सभागृहं मिसळलीयेत, ती आधी सोडवून घेऊ.

लोकसभा आणि विधानसभा ही पूर्ण मोडून पूर्ण नव्याने बसवायची सभागृहं. पाच वर्षं झाली की सगळ्यांची खुर्ची एकाच दिवशी जाते. राज्यसभा आणि विधान परिषद यांचं तसं नाही, ती विसर्जित होतच नाहीत, म्हणजे घटनेतच तसं लिहून ठेवलंय, राज्यसभेसाठी कलम ८३ आणि विधान परिषदेसाठी कलम १७२. एका सदस्याची मुदत सहा वर्षं, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश लोक निवृत्त. म्हणजे घर कधीच रिकामं होत नाही, फक्त भाडेकरू पाळीपाळीने बदलतात.

आता आपल्या नाशिकचं. नाशिक विभाग म्हणजे नाशिक, नगर (आता अहिल्यानगर), धुळे, जळगाव आणि नंदुरबार, या पाच जिल्ह्यांचा मिळून एक पदवीधर आमदार आणि एक शिक्षक आमदार. पदवीधरची निवडणूक २०१७ ला झाली होती म्हणून पुढची २०२३ ला आली आणि आता थेट २०२९ ला. शिक्षकची २०१८, मग २६ जून २०२४, आणि पुढची २०३०. दोन्ही गाड्या सहा-सहा वर्षांच्या, पण वेगवेगळ्या वेळी सुटलेल्या, त्यामुळे एकत्र आणायच्या तर कुणातरी एकाची मुदत मध्येच कापायला लागेल. राज्यात असे सात पदवीधर आणि सात शिक्षक मतदारसंघ आहेत, ते पण असेच विखुरलेले, काही २०२० ला, काही २०२३ ला, काही २०२४ ला. (हिशोबाने दोन-दोन वर्षांचं अंतर हवं, पण सहा वर्षं मोजायची ती निवडीची अधिसूचना निघते त्या दिवसापासून, त्यामुळे एखादी निवडणूक लांबली की पुढचं सगळं सरकतं. २०२० ची कोविडमुळे डिसेंबरवर गेली होती.)

मग हे असं मुद्दाम का केलं? याचं उत्तर मला पुस्तकापेक्षा निफाडला एका मित्राच्या बागेत जास्त चांगलं कळलं. त्याची सहा एकर द्राक्षं आहेत आणि तो ऑक्टोबर छाटणी कधीही सगळ्या प्लॉटची एकदम करत नाही, एक प्लॉट आधी, दुसरा दहा-बारा दिवसांनी, तिसरा त्याच्याही नंतर. मजूर मिळत नाहीत हे एक कारण आहेच, पण खरं कारण वेगळं, अवकाळी आली तर एक प्लॉट फुलोऱ्यात सापडेल, बाकीचे वाचतील. सगळं एकदम छाटलं आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस झाला तर वर्षच गेलं. राज्यसभा आणि विधान परिषद ही अशी टप्प्याटप्प्याने छाटलेली बाग आहे. एखाद्या वर्षी देशात लाट येते, कुणाच्या बाजूची का असेना, त्या लाटेत लोकसभा पूर्ण भिजते, पण वरच्या सभागृहाचा एकच हिस्सा भिजतो. आता मतदारांच्या कौलाला मी अवकाळी म्हणतोय असं कुणी समजू नका, म्हणजे म्हणतोय थोडं, पण प्रेमाने.

दुसरं कारण कमी रोमँटिक पण जास्त कामाचं. लोकसभा विसर्जित झाल्यावर नवी येईपर्यंत मध्ये काही आठवडे संसदेत राज्यसभा सोडून कुणीच नसतं. तेवढ्यात एखाद्या राज्यात राष्ट्रपती राजवटीला मंजुरी लागली तर? हे खरंच घडलंय. १९७७ मध्ये तमिळनाडू आणि नागालँडसाठी आणि १९९१ मध्ये हरियाणासाठी लोकसभा नसताना एकट्या राज्यसभेला खास बोलवावं लागलं होतं. ती पण त्याच वेळी विसर्जित असती तर मंजुरी द्यायला माणूसच नाही!

आणि ही आपली नवी टूम नाहीये. १९३५ च्या कायद्यात प्रांतांच्या वरच्या सभागृहांना, म्हणजे त्यात आपलं मुंबईचं पण आलं, हेच लावलं होतं, फक्त तिथे एक तृतीयांश दर तीन वर्षांनी बाहेर, म्हणजे एकेकाला नऊ वर्षं. नऊ! आपण सहावर आणलं ते बरंच झालं.

प्रश्न : पण पहिल्यांदा तर सगळे एकदमच निवडून आले असतील ना? मग दोन वर्षांनी कुणी जायचं हे कसं ठरलं? (पंचवटी)

उत्तर : नशिबाने! राज्यसभा ३ एप्रिल १९५२ ला स्थापन झाली, सगळे एकाच वेळी. मग चिठ्ठ्यांनी ठरवून काहींना दोनच वर्षं, काहींना चार, आणि उरलेल्या नशीबवानांना पूर्ण सहा. त्याप्रमाणे पहिली तुकडी एप्रिल १९५४ ला घरी गेली, दुसरी १९५६ ला, तिसरी १९५८ ला, आणि तिथून चक्र सुरू झालं ते आजवर. आपल्याकडे भिशी पहिल्या महिन्यात कुणाला लागणार हे ठरवतात तसंच, फक्त इथे पहिला नंबर लागणारा रडतो.

प्रश्न : २०१९ ला निवडलेली विधानसभा संपून गेली, २०२४ ला नवी आली. तरी जुन्या विधानसभेने निवडलेले राज्यसभा खासदार २०३० पर्यंत राहणार असं वाचलं. हे कसं काय? मेलेल्या माणसाची सही चालवल्यासारखं नाही का हे? (नाशिकरोड, प्रेसमधून निवृत्त)

उत्तर : काका, तुमची उपमा मला इतकी आवडली की मी ती घरी सांगून आलो. आणि हो, वाचलंत ते खरं आहे.

महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ खासदार, त्यांना निवडतात आपले विधानसभेचे आमदार. हे १९ तीन तुकड्यांत विभागलेत, सात, सहा आणि सहा. आता बघा गंमत. २०१९ ऑक्टोबरला निवडून आलेल्या विधानसभेच्या वाट्याला मार्च २०२० मध्ये सात जागा आल्या, मग जून २०२२ मध्ये सहा, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा. सात अधिक सहा अधिक सहा, झाले १९. म्हणजे पोटनिवडणुका सोडल्या तर महाराष्ट्राचा राज्यसभेतला अख्खा कोटा एकाच विधानसभेने भरला! आणि फेब्रुवारी २०२४ वाल्यांची सहा वर्षं एप्रिल २०३० ला संपतात.

याच्या उलट २०१४ च्या विधानसभेचं. तिच्या आधी फेब्रुवारी २०१४ ची पाळी २००९ वाल्या आमदारांनी उरकली होती, आणि २०२० ची पाळी यायच्या आत तिची स्वतःची मुदत संपली, त्यामुळे तिला २०१६ आणि २०१८ अशा दोनच पाळ्या मिळाल्या, म्हणजे १२ जागा. विधानसभा पाच वर्षांची, पाळी दोन वर्षांची, हा भागाकार पूर्ण जात नाही ना, म्हणून एका विधानसभेला तीन पाळ्या आणि पुढचीला दोन असं चालू राहतं. आत्ताच्या २०२४ वाल्या विधानसभेच्या नशिबात दोनच आहेत, २०२६ आणि २०२८, कारण २०३० उजाडायच्या आधीच, २०२९ च्या शेवटी तिची मुदत संपते. कुठल्या विधानसभेला तीन मिळतात हे कुणी ठरवलेलं नाही, तारखा तशा पडल्यात म्हणून. टप्प्याटप्प्याने निवडायच्या पद्धतीतली ही उसवलेली शिवण आहे आणि तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही असं माझं मत.

पण एकाच विधानसभेने निवडले म्हणजे तिन्ही तुकड्या सारख्याच असं पण नाही हां. २०२० मध्ये महाविकास आघाडीचं सरकार होतं. जून २०२२ मध्ये १० तारखेला राज्यसभेचं मतदान झालं, आणि २० तारखेला विधान परिषदेचं, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेकडे निघाले, पुढचं सगळ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी २०२४ पर्यंत तर दोन पक्ष दुभंगले होते आणि सहाच्या सहा जागा बिनविरोध गेल्या. आमदार तेच, खुर्च्या त्याच, पण चार वर्षांत जमीन पूर्ण सरकली होती आणि तिन्ही तुकड्यांत ते दिसतं. पाळ्या नसत्या आणि २०२० मध्येच १९ जण एकदम निवडले असते तर आपल्याला फक्त २०२० चा फोटो मिळाला असता.

आता तुमच्या सहीच्या मुद्द्यावर. काका, मेलेल्याची सही म्हणण्यापेक्षा मी त्याला जुन्या तारखेचा चेक म्हणेन जो अजून वटतोय. मतदाराने २०१९ ला दिलेलं मत २०२४ च्या मताने लोकसभा-विधानसभेत पुसलं जातं, पण राज्यसभेत ते हळूहळू पुसतं, एकावेळी तीनातलं एक. कधीकधी त्याचा त्रास होतो. २०१४ ला भाजपचे २८२ खासदार लोकसभेत आले, पण राज्यसभेत बहुमत नव्हतं, त्यामुळे भूसंपादन कायद्यातले बदल मार्च २०१५ मध्ये लोकसभेत पास झाले आणि राज्यसभेत पुढे सरकलेच नाहीत, वटहुकूमावर वटहुकूम काढून शेवटी ऑगस्टमध्ये तो नाद सोडावा लागला. इथल्या शेतकऱ्यांपैकी अनेकांना तेव्हा ते बरंच वाटलं होतं, समृद्धी महामार्गाच्या जमिनींची चर्चा सुरू व्हायच्या आसपासचा काळ तो.

त्याहून जुनं उदाहरण संस्थानिकांच्या तनख्यांचं, ते मला जास्त आवडतं. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे बंद करायचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत पास झालं आणि राज्यसभेत पडलं. किती मतांनी? बाजूने १४९, विरोधात ७५, आणि दोन तृतीयांश म्हणजे हवी होती १४९.३३! एका मताच्या एक तृतीयांशाने पडलं, असं काही गणिताच्या पेपरात पण येत नाही. मग मार्च १९७१ मध्ये इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने परत आल्या आणि त्याच डिसेंबरमध्ये २६वी घटनादुरुस्ती होऊन तनखे गेले ते गेलेच. म्हणजे वरच्या सभागृहाने थांबवलं, पण लोकांनी परत स्पष्ट सांगितल्यावर अडवून धरलं नाही. मला वाटतं एवढंच त्याच्याकडून अपेक्षित आहे, लोकांना दोनदा विचारून घ्यायचं. राज्यातली विधान परिषद तर तेवढं पण करू शकत नाही, साधं विधेयक ती जास्तीत जास्त पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना रोखू शकते, नंतर विधानसभेचंच चालतं.

प्रश्न : मध्येच कुणी राजीनामा दिला किंवा वारलं तर नव्याला परत सहा वर्षं का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : नाही. पोटनिवडणुकीतून आलेल्याला आधीच्याची उरलेली मुदतच मिळते, मग ती चार वर्षं असो की चार महिने. तसं नसतं तर दहा वर्षांत सगळ्या पाळ्यांची खिचडी झाली असती.

प्रश्न : नाशिकची स्थानिक स्वराज्य संस्थांची विधान परिषदेची जागा जून २०२४ मध्ये रिकामी झाली. शिक्षकची निवडणूक त्याच महिन्यात झाली, मग ही का नाही झाली? पाळ्या एवढ्या पक्क्या असतात तर पाळी चुकते कशी? (सिन्नर)

उत्तर : तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे निवडणारे लोक जागेवर असतील. शिक्षक काय, असतातच शाळेत. पण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागेचे मतदार कोण? नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती. आणि नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली तेव्हापासून तिथे प्रशासक! जिल्हा परिषदेचं तेच. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात, वॉर्डरचना बदलली, परत बदलली, आणि शेवटी मे २०२५ मध्ये कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, ते पण वाढवून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत गेलं. तुमच्या सिन्नरसारख्या नगरपरिषदांचं मतदान डिसेंबर २०२५ ला, आमच्या महापालिकेचं १५ जानेवारी २०२६ ला.

निवडणूक आयोगाचा निकष असा की त्या मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था अस्तित्वात हव्यात आणि किमान ७५ टक्के मतदार पण. जून २०२४ मध्ये नाशिकमध्ये यातलं काय होतं ते तुम्हीच सांगा. आपलीच नाही, राज्यात अशा २२ जागा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच एकामागोमाग एक अशाच रिकाम्या होत गेल्या.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे की महापालिकेच्या निवडणुका पाच वर्षांत घ्या असं घटनेत स्पष्ट असताना त्या चार वर्षं लांबतात आणि त्याची झळ थेट विधान परिषदेपर्यंत जाते. कालव्याचं आवर्तन ठरलेल्या तारखेला सुटलं, पण पुढची चारीच बुजलेली, तर शेवटच्या वावरात पाणी पोचणार कसं? आवर्तनाला शिव्या देऊन उपयोग नाही, चारी उकरायला हवी होती.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीला असतो, आता सिटिझन झालाय. तो म्हणतो २०२४ ला सिनेटरसाठी मत दिलं, २०२६ ला परत सिनेटरसाठी, आणि २०२८ ला मात्र सिनेटची निवडणूकच नाही. तिथे पण आपल्यासारखंच आहे का? (इंदिरानगर)

उत्तर : आपल्यासारखं नाही, आपण त्यांच्यासारखं म्हणा हवं तर, त्यांचं १७८९ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक राज्याला दोन सिनेटर, राज्य केवढंही असो, मुदत सहा वर्षं, आणि शंभरातले एक तृतीयांश दर दोन वर्षांनी. सगळ्या सिनेटर्सचे तीन वर्ग पाडलेत आणि एका राज्याचे दोघं कधीच एका वर्गात नसतात, म्हणून भाच्याला २०२४ ला एक, २०२६ ला दुसरा आणि २०२८ ला सुट्टी. पहिल्या सिनेटमध्ये मे १७८९ ला हे वर्ग कोणाला कुठला हे त्यांनी पण चिठ्ठ्या काढूनच ठरवलं, म्हणजे पंचवटीच्या वाचकाचं उत्तर तिथे पण लागू.

फरक मोठा एकच. तिथे १९१३ च्या घटनादुरुस्तीपासून सिनेटर लोक थेट निवडतात, त्याआधी राज्यांची विधिमंडळं निवडायची, अगदी आपल्या राज्यसभेसारखं. त्यामुळे भाच्याला पाळ्यांचा अनुभव स्वतः बूथवर जाऊन येतो आणि आपल्याला फक्त बातम्यांत, आमदार कुठल्या हॉटेलात ठेवलेत ते.

ऑस्ट्रेलियाचं अजून मजेशीर आहे. तिथे सिनेट निम्मी निम्मी बदलते, पण दोन्ही सभागृहांचं फारच फाटलं तर दोन्ही एकदम बरखास्त करायची सोय आहे. २०१६ ला तसं केलं, ७६ च्या ७६ सिनेटर एकदम निवडले, आणि मग परत बसून ठरवायला लागलं की राज्यांच्या सिनेटर्सपैकी कुणाला सहा वर्षं आणि कुणाला तीनच.

प्रश्न : एक देश एक निवडणूक आली की हे सगळं बंद होईल ना? (सातपूर)

उत्तर : नाही होणार. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेलं १२९वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभा आणि विधानसभा एकत्र आणण्यासाठी आहे, राज्यसभा आणि विधान परिषदेच्या पाळ्यांना त्यात हात नाही. लोकसभा-विधानसभा तर १९५२ पासून १९६७ पर्यंत बहुतेक ठिकाणी एकत्रच व्हायच्या, नंतर विधानसभा मध्येच विसर्जित होत गेल्या आणि साखळी तुटली. ती तुटणं हा अपघात होता, राज्यसभेच्या पाळ्या मात्र ठरवून केलेल्या आहेत, दोन्ही एकाच पिशवीत घालू नका.

प्रश्न : २०२३ ला पदवीधरच्या बूथवर गेले तर यादीत नावच नव्हतं, लोकसभेच्या यादीत मात्र होतं. २०२९ साठी काय करू? (महात्मानगर)

उत्तर : ती यादी वेगळी आणि प्रत्येक निवडणुकीला शून्यापासून नव्याने बनते, आधी नाव होतं म्हणून आपोआप राहत नाही, इथेच बहुतेक जण फसतात. पदवीधरसाठी फॉर्म १८, शिक्षकसाठी फॉर्म १९. पात्रता मोजायची तारीख १ नोव्हेंबर, आणि पदवी मिळून त्या दिवशी तीन वर्षं झालेली हवीत. २०२९ च्या सुरुवातीला निवडणूक धरली तर २०२८ चा ऑक्टोबर लागला की पेपरात नोंदणीची जाहिरात शोधायला सुरुवात करा, डिग्रीची साक्षांकित प्रत काढून ठेवा, आणि शेवटच्या दिवशी तहसीलमध्ये जाऊ नका, तिथे मी २०२२ ला गेलो होतो.